सल्ला : शहराची वीज, सासऱ्यांचा नकार आणि एक सही

पत्र : मी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरात अकरा वर्षे राहते आहे आणि गेल्या वर्षी मी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. आमच्या शेजारच्या बाई सध्या एका अर्जावर सह्या गोळा करत आहेत. आज शहराला वीज पुरवणाऱ्या डीटीई या खासगी कंपनीचे खांब, तारा आणि रोहित्रे शहराने विकत घ्यावीत आणि वीजपुरवठा स्वतः चालवावा, अशी त्यांच्या गटाची मागणी आहे. मला ती पटते. पाणी शहराचे आहे, मग वीज का नको? परंतु माझे सासरे सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहेत आणि ते महाराष्ट्र राज्य वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणतात, "सरकारी विजेचे काय होते ते मी चौतीस वर्षे आतून पाहिले आहे, सही करू नकोस." जेवताना रोज हाच वाद निघतो आणि माझे यजमान ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसतात. मी सही करू का, आणि बाबांना काय सांगू? – एक नवी मतदार

उत्तर :

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. अर्जावरची सही म्हणजे खरेदीला होकार नव्हे. हा प्रश्न मतपत्रिकेवर यावा आणि त्यावर शहराने उघडपणे बोलावे, एवढेच ती सही सांगते. शेजारीणबाई तोंडी काय सांगतात ते क्षणभर बाजूला ठेवा, सहीच्या वर छापलेला मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि तो वाचूनही हा प्रश्न मतदारांपुढे जायला हवा असे वाटले तर सही खुशाल करा. तुमच्या जागी मी असतो तर केली असती. मत मात्र आताच कुणाला देऊन ठेवू नका, शेजारणीला नाही आणि सासऱ्यांनाही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या सासऱ्यांचा अनुभव खरा आहे आणि त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला अर्धाच पटतो. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळात ज्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली, भारनियमनाच्या दिवसांत उपकेंद्राच्या फाटकावर आलेले मोर्चे पाहिले, थकबाकीची वसुली आणि मंत्र्याचा फोन या दोहोंच्या मध्ये ज्यांनी नोकरी केली आणि शेवटी २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन दारावर महावितरणची पाटी लागलेली पाहिली, त्यांना "वीज लोकांच्या मालकीची हवी" हे वाक्य ऐकून हसू आले तर त्यात नवल काही नाही. त्यांच्या हसण्याचा राग धरू नका. त्यांना फक्त २००० सालच्या एका सुनावणीची आठवण करून द्या. ती ते विसरले नसतील.

महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग १९९९ साली अस्तित्वात आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यापुढे मंडळाच्या दरांची पहिली मोठी सुनावणी झाली. तोवर आपली गळती किती, हे मंडळ स्वतःच सांगत असे आणि तेच खरे धरले जाई. बहुतेक शेतीपंपांना मीटर नव्हते, आकारणी पंपाच्या अश्वशक्तीवर होत असे, आणि त्यामुळे आकडे टाकून चोरलेली किंवा जुनाट तारांत गडप झालेली बरीचशी वीज शेतीच्या वापरात धरून मोकळे होता येई. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आणि कितीतरी साध्या ग्राहकांनी हरकती घेतल्या, आयोगाने आकडे मांडायला लावले, आणि खरी गळती आजवर सांगितल्या गेलेल्या आकड्याहून कितीतरी मोठी असल्याचे चारचौघांत उघड झाले. त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मंडळ सरकारचे होते आणि दुसऱ्या दिवशीही ते सरकारचेच होते. मालक तोच राहिला, फक्त हिशेबाची वही परक्या माणसासमोर उघडावी लागली. सासऱ्यांनी मंडळाच्या दुखण्याचे कारण म्हणून "सरकारी मालकी" असे लिहिले आहे. मी तिथे "बंद वही" असे लिहीन, आणि तुमच्या शहराचा प्रश्नही याच कसोटीवर घासून पाहीन.

आज तुमच्या शहरात ही वही कोण उघडते ते पाहा. डीटीई ही दक्षिण-पूर्व मिशिगनमधल्या सुमारे २३ लाख ग्राहकांना वीज पुरवणारी, भागधारकांच्या मालकीची कंपनी आहे. तिला दर वाढवायचे झाले की मिशिगनच्या लोकसेवा आयोगापुढे जावे लागते, तिथे राज्याचे महाधिवक्ता आणि ग्राहकांच्या संघटना विरोधात उभ्या राहतात, आणि बहुधा कंपनीने मागितलेल्या रकमेला कात्री लागते. भागधारकांच्या भांडवलावर किती परतावा मिळावा हेही आयोगच ठरवतो, आणि अलीकडच्या निकालांत तो दहा टक्क्यांच्या किंचित खाली राहिला आहे. वारंवार वीज जाते या ओरडीनंतर आयोगाने राज्यातल्या दोन्ही मोठ्या वीज कंपन्यांच्या जाळ्याची त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणीही करवून घेतली आणि तिचा अहवाल २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर केला. हा पहारा पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. पुरेसा असता तर तुमच्या शेजारीणबाई दारोदार फिरल्या नसत्या. परंतु तो आहे, आणि त्याची कागदपत्रे कुणालाही वाचता येतात.

सह्या गोळा करणारे लोक सहसा सांगत नाहीत, आणि कदाचित त्यांच्या लक्षातही आले नसेल, ती गोष्ट अशी, की मिशिगनमध्ये शहरांच्या मालकीच्या वीजसंस्थांचे दर या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. ॲन आर्बरने उद्या तारा विकत घेतल्या तर त्या दिवसापासून दर, देखभालीचा खर्च आणि नफ्याचा विनियोग हे सारे नगर परिषद किंवा तिने नेमलेले मंडळ ठरवील, आणि त्यावरचा पहारेकरी म्हणजे तुम्ही, मतदार. मुंबईत तसे नाही. बेस्ट महापालिकेची असली तरी तिच्या विजेचे दर राज्याचा आयोगच ठरवतो. तुमच्या सासऱ्यांना ज्या पहाऱ्याचे मोल कळते नेमका तोच पहारा तिथे गळून पडणार आहे, आणि म्हणून त्यांच्या शंकेला माझ्या लेखी वजन आहे.

पहारा मतदारांच्या हाती आला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरात आहेत. तुम्ही आणि सासऱ्यांनी मिळून एखाद्या शनिवारी ती पाहून यावी असे मी सुचवीन.

पहिले लान्सिंगचे. राज्याच्या या राजधानीचे पाणी आणि वीज एकोणिसाव्या शतकापासून शहराच्या मालकीची आहे. २०१३ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर गोठणाऱ्या पावसाचे वादळ आले, फांद्यांवर बर्फाचे कवच चढून त्या तारांवर कोसळल्या, आणि या शहरी वीजसंस्थेच्या सुमारे ४० टक्के ग्राहकांची वीज गेली. काही घरे दहा दिवसांच्या आसपास अंधारात होती. म्हणजे शहराची मालकी बर्फाला अडवू शकत नाही, आणि झाडे वेळेवर छाटली नव्हती, फोन उचलायला पुरेशी माणसे नव्हती, हे दोष शहरी संस्थेतही तसेच सापडले. इथवर तुमचे सासरे मान डोलावतील. पण पुढे काय झाले तेही त्यांना सांगा. नागरिकांची एक चौकशी समिती नेमली गेली, तिने जाहीर सभा घेऊन लोकांच्या तक्रारी ऐकल्या आणि संस्थेच्या त्रुटी अहवालात नावानिशी मांडल्या, आणि वर्षभरानंतर, २०१५ च्या जानेवारीत, संस्थेच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. भागधारकांच्या कंपनीत एका शहराच्या रागापायी असे घडल्याचे मला तरी आठवत नाही.

दुसरे उदाहरण डेट्रॉइटचे आणि ते अधिक उदास करणारे आहे. १८९५ साली महापौर हेझन पिंग्री यांच्या काळात त्या शहराने खासगी दिवाबत्ती कंपन्यांच्या चढ्या दरांना कंटाळून स्वतःचे प्रकाश खाते काढले. पुढे शहराचे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र झाले, रस्त्यांचे दिवे आणि सरकारी इमारती त्यावर चालू लागल्या, आणि कित्येक दशके तो त्या शहराचा अभिमान होता. मग लोकवस्ती घटली, कर आटले, आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात जिथे पटकन कुणी ओरडणार नाही अशा खर्चाला कात्री लागू लागली. तारांची देखभाल हा तसाच खर्च असतो, कारण आज केली नाही तर आज काहीच होत नाही. २०१३ साली डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा रस्त्यांवरचे जवळजवळ ४० टक्के दिवे बंद होते. २०१४ पासून त्या खात्याचे ग्राहक टप्प्याटप्प्याने डीटीईकडे सोपवण्यात आले, आणि सासरे इथे "बघ, मी म्हणालो नव्हतो?" असे म्हणतील. मात्र त्याच शहरात रस्त्यांच्या दिव्यांसाठी वेगळे प्राधिकरण स्थापन झाले, त्याला स्वतंत्र उत्पन्न बांधून देण्यात आले, आणि २०१६ च्या अखेरीपर्यंत त्याने सुमारे ६५,००० नवे एलईडी दिवे लावून दाखवले. तेही सार्वजनिकच होते. जुन्या खात्याचा पैसा शहराच्या तिजोरीत मिसळला जाई आणि नव्या प्राधिकरणाचा मिसळला जात नव्हता, मला त्या दोहोंत दिसणारा मोठा फरक हाच.

पैसा मिसळण्याचा हा मुद्दा मला घरचा वाटतो, कारण मी परळच्या चाळीत वाढलो आणि आमच्याकडे विजेचे बिल आणि बसचे तिकीट एकाच उपक्रमाचे असे. बेस्टच्या आधी ट्राम आणि वीज चालवणारी कंपनी खासगी होती. तिच्याशी झालेल्या करारातच महापालिकेने खरेदीचा हक्क राखून ठेवला होता, आणि तो वापरून ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबई शहराने चालू धंदा ताब्यात घेतला. त्यानंतर अनेक वर्षे विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत असे, आणि पुढे तर ती तूट वीजग्राहकांच्या बिलात अधिभार म्हणून वेगळी दिसूही लागली. यावर मुंबईत पुष्कळ वाद झाले. मला स्वतःला त्यात पाप दिसत नाही. गिरणीतल्या माणसाला स्वस्त बस मिळावी म्हणून मलबार हिलच्या वातानुकूलन यंत्राने दोन पैसे जास्त दिले तर ते शहराने ठरवायचे आहे. पण ते ठरवून, लिहून आणि बिलावर छापून व्हायला हवे. तुमच्या शहरात वीजखात्याच्या शिलकीतून उद्या रस्त्याचे खड्डे बुजवले जाणार असतील, तर किती टक्क्यांपर्यंत, हे आधी लिहिलेले हवे. लान्सिंगमध्ये वीजसंस्था शहराला उत्पन्नाचा वाटा देते. तो वाटा लिखित आहे आणि म्हणून त्यावर भांडता येते.

आता किमतीकडे वळू, कारण शहरांचे असे बेत बहुतेक वेळा इथेच अडतात. मुंबईला खरेदीचा हक्क करारातच मिळाला होता. ॲन आर्बरला तसा आयता हक्क नाही. विकायची इच्छा नसलेल्या कंपनीकडून सक्तीने मालमत्ता घ्यायची तर न्यायालयात जावे लागते, आणि तिथे कंपनी म्हणते की हे जाळे आज नव्याने उभारायला जेवढे लागतील तेवढे द्या, तर शहर म्हणते की तुमच्या वहीत घसारा वजा जाता जी किंमत उरली आहे तेवढीच घ्या. या दोन आकड्यांमधली दरी प्रचंड असते. त्याशिवाय शहराचे जाळे उरलेल्या जाळ्यापासून वेगळे करण्याचा खर्च येतो. सासऱ्यांना शहराच्या नकाशावर हद्दीची रेघ दाखवा. शहराच्या पोटात शेजारच्या टाउनशिपची, म्हणजे वेगळा स्थानिक कारभार असलेल्या भागाची, लहान लहान बेटे आहेत आणि उपकेंद्रातून घरांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, म्हणजे फीडरला, ती रेघ कळत नाही. कुठला फीडर कुणाचा, उपकेंद्र कुणाचे, मीटर कुठे बसवायचे, यात वर्षे जातात. कर्जाच्या बाबतीतही एक अडचण आहे. शहरांच्या रोख्यांवरचे व्याज सहसा केंद्रीय करातून सुटते आणि म्हणून त्यांना कर्ज स्वस्तात मिळते. पण खासगी कंपनीचे चालू जाळे विकत घेण्यासाठी काढलेल्या रोख्यांना १९८७ च्या कायद्यानंतर ही सवलत सहजासहजी मिळत नाही. प्रचारपत्रकात "स्वस्त कर्ज" असे शब्द दिसले तर हा एक प्रश्न अवश्य विचारा.

कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराची गोष्ट तुमच्या शेजारीणबाईंना ठाऊक असणारच, कारण ते शहर ॲन आर्बरसारखेच विद्यापीठाचे, सुशिक्षित आणि हवामानाची चिंता करणारे आहे. २०१० साली त्या शहराने एक्सेल एनर्जी या कंपनीचा करार वाढवला नाही, २०११ साली मतदारांनी निसटत्या बहुमताने स्वतःची वीजसंस्था काढण्याची परवानगी दिली, २०१३ साली खरेदीच्या कर्जाला २१.४ कोटी डॉलरची मर्यादा घातली, आणि मग न्यायालय, राज्याचा आयोग, पुन्हा न्यायालय असे फेरे सुरू झाले. अडीच कोटी डॉलरहून अधिक पैसे वकील, सल्लागार आणि आराखड्यांवर खर्च झाल्यावर २०२० साली त्याच मतदारांनी हा नाद सोडून कंपनीशी वीस वर्षांचा नवा करार मान्य केला. ही निव्वळ हार होती असे मला वाटत नाही. मधल्या काळात, २०१८ च्या डिसेंबरात, त्याच कंपनीने २०५० पर्यंत कार्बनमुक्त वीज देण्याचा संकल्प जाहीर केला होता, आणि एक चिवट शहर इतकी वर्षे उरावर बसलेले असण्याचाही त्यात थोडा वाटा असेल असे मानायला जागा आहे. उलट टोकाला सॅक्रामेंटो आहे. तिथल्या मतदारांनी १९२३ साली स्वतःच्या वीजसंस्थेला मंजुरी दिली आणि कोर्टकचेऱ्या संपून पहिली वीज ३१ डिसेंबर १९४६ रोजी वाहिली. ज्यांनी मत दिले त्यांतले किती जण ते बटण दाबायला हयात असतील? तरीही आज तिथले लोक त्या संस्थेवर खूश दिसतात.

बोल्डरच्या त्या निसटत्या बहुमताचा तुमच्याशी थेट संबंध आहे. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार शहराला अशी सार्वजनिक सेवा विकत घ्यायची असेल तर मत देणाऱ्यांपैकी पाचांतल्या तिघांचा होकार लागतो, म्हणजे ६० टक्के. बोल्डरचे २०११ चे मतदान मिशिगनमध्ये झाले असते तर तो बेत पहिल्याच पायरीवर संपला असता. मला ही अट सुज्ञपणाची वाटते. ज्या कामाला दहा-वीस वर्षे लागतील ते काम काठावरच्या बहुमताने सुरू करू नये, कारण पुढच्या निवडणुकीत ते काठावरूनच पडते.

शेजारीणबाईंच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मला त्यांच्या गटाच्या "लोकांची वीज" या घोषणेपेक्षा हिशेबात सापडतो. सर्वसाधारण नियम असा, की खासगी वीज कंपनीला परतावा मिळतो तो तिने गुंतवलेल्या भांडवलावर. नवा खांब, नवे उपकेंद्र, नवे रोहित्र यांवर ती कमावते, आणि झाडाची फांदी छाटली तर फक्त झालेला खर्च वसूल करते. २०२३ च्या फेब्रुवारीत तुमच्या भागात गोठणाऱ्या पावसाने लाखो घरांची वीज घालवली, ती उच्चदाबाच्या मनोऱ्यांमुळे नव्हे. गल्लीतल्या तारांवर फांद्या पडल्यामुळे गेली. मनोऱ्यांचे जाळे तर तिथे वेगळ्याच कंपनीकडे आहे आणि शहराने खरेदी केली तरी ते तिच्याकडेच राहील. म्हणजे शहर विकत घेईल तो नेमका आजारी भाग, आणि खरेदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खांब तेच, तारा त्याच आणि झाडेही तीच असतील. फरक पडेल तो दहाव्या वर्षी, जर भागधारकांच्या परताव्यात जाणारा पैसा खरोखरच छाटणीत आणि तारा जमिनीखाली नेण्यात गेला तर. फ्लोरिडातल्या विंटर पार्क या लहान शहराने २००५ साली आपले जाळे घेतले आणि तेव्हापासून ते धीराने तारा जमिनीखाली नेत आले आहे. तिथे तो पैसा तिकडे गेला. ॲन आर्बरचे लोक आपल्या गावाला प्रेमाने "ट्री टाउन" म्हणतात आणि अंगणासमोरच्या मेपलला करवत लागली की सर्वांत आधी तेच ओरडतात. आज त्यांना कंपनीवर ओरडता येते; उद्या नगरसेवकावर ओरडतील आणि तो पुढची निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून करवत थांबवील. तुमच्या सासऱ्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती आणि ती मला महत्त्वाची वाटते. तुम्ही मतदार होण्याआधी, २०२४ च्या नोव्हेंबरात, तुमच्या शहराने एक तिसरी वाट मंजूर केली आहे आणि तीही सुमारे ७९ टक्के मतांनी. तिला "शाश्वत ऊर्जा संस्था" म्हणता येईल. ती डीटीईच्या तारांना हात लावत नाही. ज्या घरांना हवे असेल त्यांच्या छपरावर आणि तळघरात शहराच्या मालकीचे सौर पटल आणि बॅटऱ्या बसवून ती वीज विकणे, शेजारच्या घरांना आपापसांत जोडणे आणि ब्रायंटसारख्या वस्तीत जमिनीखालच्या उष्णतेवर घरे गरम करणे, असा तिचा बेत आहे. डीटीईची जोडणी राहते, बिले दोन येतात. खरेदीच्या बाजूचे लोक म्हणतात की हे मलमपट्टीचे काम आहे. मला मात्र ती शहरासाठी एक परीक्षा वाटते. विजेचे बिल काढणे, विजेची तक्रार घेणे, वीज गेली की रात्री दोन वाजता माणूस पाठवणे, यांतले काहीही ज्या नगर परिषदेने कधी केलेले नाही, तिने आधी काहीशे घरांची वीज सांभाळून दाखवावी आणि मग हजारो घरांचे खांब मागावेत. तुमच्या पश्चिमेला जवळच असलेल्या चेल्सी गावाची वीज गावाच्याच मालकीची आहे, पण तिथे ही सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे.

म्हणून मत देण्याआधी मसुद्यात मी ज्या गोष्टी शोधीन त्या सांगतो. दर ठरवणारे मंडळ नगर परिषदेहून वेगळे आहे का, त्याच्या सभा आणि हिशेब खुले आहेत का, आणि आयोगाची सुनावणी गेली तर तिच्या जागी हरकती घेण्याची कोणती सोय लिहिली आहे, हे सर्वांत आधी पाहा. त्याखालोखाल शिलकीचा किती भाग शहराच्या तिजोरीत जाऊ शकतो याची मर्यादा आहे का, आणि देखभालीसाठी उत्पन्नाचा किमान वाटा राखून ठेवला आहे का, ते पाहा. किंमत एका ठरावीक आकड्यापलीकडे गेली तर शहराने माघार घ्यावी अशी अट असेल तर फारच चांगले. बोल्डरने तेवढे शहाणपण दाखवले होते. विद्यापीठाबद्दल काय म्हटले आहे तेही वाचा, कारण त्याचे आवारात स्वतःचे वीजकेंद्र आहे आणि शहरातला एवढा मोठा ग्राहक आत आहे की बाहेर, यावर सगळे गणित फिरते. यांतले निम्म्याहून अधिक लिहिलेले नसेल, तर सही करूनही मी "नाही" असे मत देईन आणि त्यात मला विसंगती वाटणार नाही.

राहता राहिले सासरे. त्यांच्याशी "सरकारी की खासगी" हा वाद घालणे आजपासून थांबवा. त्या वादात ते चौतीस वर्षे बोलतील आणि तुम्ही शेजारणीची पत्रके वाचून दाखवाल. त्यांना काम द्या. शहराने या विषयावर करवून घेतलेला अभ्यास छापून त्यांच्या हाती द्या, लाल पेन द्या, आणि जाळे वेगळे करण्याच्या खर्चाचे प्रकरण त्यांनी तपासावे असे सांगा. हवा चांगली असेल त्या संध्याकाळी त्यांना घेऊन चालायला निघा आणि तुमच्या गल्लीतले खांब, रोहित्रांचा गंज, तारेला टेकलेल्या फांद्या त्यांनी पदपथावरून पाहाव्यात. निवृत्त अभियंत्याला यापेक्षा गोड फेरफटका नाही आणि तुम्हाला यापेक्षा चांगला शिक्षक मिळणार नाही. त्यांचे मत बदलेलच असे मी म्हणत नाही. पण "सही करू नकोस" याऐवजी "हे कलम नसेल तर मत देऊ नकोस" असे ते म्हणू लागले, तर तुम्ही दोघे एकाच बाजूला बसलेले असाल.

आणि नगर परिषदेच्या सभेला त्यांना बरोबर न्या. मिशिगनच्या कायद्याने सार्वजनिक सभेत बोलण्याची संधी कुणालाही मिळते, त्यासाठी मतदार असावे लागत नाही. वीज मंडळात वही उघडल्यावर काय झाले हे तिथे सांगणारा दुसरा माणूस परिषदेला मिळणार नाही. बोलायला तीनच मिनिटे मिळतात. तेव्हा घरी घड्याळ लावून दोन-चारदा सराव करून घ्या, आणि त्या वेळी यजमानांनी ताट घेऊन टेबलावरच बसावे, कारण वेळ मोजायला कुणीतरी लागेल.